आईच्या डोळ्याची तारीख

धाकटीच्या आईचे दोन्ही डोळे ठणठणीत होते. सुईत दोरा ओवायला ती अजून कुणाला हाक मारत नसे. पण गेली तीन वर्षं दर महिन्याला एक दिवस धाकटी त्याच डोळ्यांपायी कामाला दांडी मारत होती. आधी एका डोळ्यात मोतीबिंदू झाला, तो काढला. मग दुसऱ्यात झाला, तोही काढला. मग काढलेल्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. शेवटी एकदा तिच्या थोरल्या जावेनं भर शेडमध्ये विचारलंच, "किती डोळे आहेत गं तुझ्या आईला? एकदा मोजून तरी सांग."

सगळ्या बायका खो खो हसल्या. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिचं अंग घामानं भिजलं.

दोघी जावा एकाच घरात राहायच्या, एकाच चुलीवर रांधायच्या आणि रोपांच्या नर्सरीत एकाच पाटावर बसून कलमं बांधायच्या. काम जोडीचं होतं. वांग्याचं कोवळं रोप तिरकं कापून त्याचा खुंट करायचा, टोमॅटोचा शेंडा तसाच तिरका कापून त्यावर बसवायचा आणि सांध्याला चिमुकली क्लिप लावायची. एकीनं कापायचं, दुसरीनं जोडायचं. धाकटीचा हात हलका, म्हणून पातं तिच्याकडे. थोरलीची बोटं जाड, पण नेम पक्का. ती जोडायची, आणि जोडता जोडता तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. मुकादमसुद्धा तिच्या नादी लागायचा नाही.

त्या वर्षी उन्हानं कहर केला होता. हिरव्या जाळीखाली वारा यायचा तो भट्टीतून आल्यासारखा. सांधा जुळावा म्हणून ओल्या खोलीत ठेवलेली कलमं तिसऱ्या दिवशी माना टाकायची. प्रत्येक ट्रेला जोडीचा नंबर खोचलेला, त्यामुळे कुणाची किती मेली ते लपत नव्हतं. मुकादमानं सांगूनच टाकलं होतं, "दहा जोड्या आहेत, हंगाम संपेपर्यंत सहा राहतील. ज्यांची मरतील त्यांनी घरी बसायचं." तेव्हापासून बायका लघवीलाही उठेनाशा झाल्या होत्या. अशा दिवसांत सुट्टी मागायची म्हणजे मुकादमापुढे मान खाली घालून उभं राहणं आलं. तो दर वेळी विचारायचा, "डोळा आहे ना अजून जागेवर?" आणि धाकटी दर वेळी "हो" म्हणायची.

खरं तर ती जायची मोठ्या दवाखान्यातल्या अकरा नंबरच्या खोलीत. दारावर नुसता आकडा होता, पण अकरा नंबरमध्ये एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात हे दवाखान्यातल्या झाडूवालीपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा बोअरच्या गाडीवर होता, वर्षातले नऊ महिने गावोगाव फिरायचा. तो वारला तेव्हा डॉक्टरांनी काय ते धाकटीला एकटीलाच सांगितलं आणि तिचंही रक्त घेतलं. दीर तेवढ्यात औषधं आणायला खाली गेला होता. तो जिना चढून वर येईपर्यंत धाकटीनं डोळे पुसून 'कावीळ' हा शब्द तोंडात तयार ठेवला होता. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

तेव्हापासून तिचं सगळं आयुष्य या एका शब्दाभोवती लपाछपी खेळत होतं. गोळ्यांची बाटली वाजते, म्हणून ती स्टँडवरच्या संडासात गोळ्या फडक्यात ओतून घ्यायची आणि घरी बटणांच्या डब्यात तळाशी ठेवायची. शेडमध्ये सगळ्यांची पाती एका डब्यात असायची, हिचं मात्र वेगळं. मुठीला निळा दोरा बांधलेलं ते पातं ती ओच्यात बांधून घरी न्यायची. बोट कापलं की कुणी बघायच्या आत चिकटपट्टी लावायची. "राणीसरकारांचं पातं हो, हात लावू नका," थोरली ओरडायची. तिला वाटायचं, हिला टापटीपीचा भारी सोस.

त्या महिन्यात अकरा नंबरमधल्या चष्मेवाल्या सिस्टरनं गोळ्यांबरोबर तिच्या हातात एक कागदी पिशवी ठेवली. आत एक लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि झाकणाची नळी.

"हे बघ बाळ," सिस्टर म्हणाली, "तुझ्या अंगात जो आजार आहे ना, त्याच्यामुळे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर गाठतो. तरण्या पोरींनाही. पण तो व्हायच्या आधी वर्षानुवर्षं नुसता दुसराच एक विषाणू असतो, तेव्हाच धरला तर दहा मिनिटांत काम होतं. हा ब्रश स्वतःच आत घालायचा, पाच वेळा फिरवायचा, नळीत ठेवायचा. कुणासमोर झोपायचं नाही, काही नाही. तिकडे संडासात जाऊन घेऊन ये."

दवाखान्याच्या संडासाला कडी नव्हती आणि बाहेर बायकांची रांग. धाकटी आत गेली तशीच बाहेर आली. पिशवी दाखवून तिनं बाहेरच्या दाराकडे बोट केलं, घरी घेते म्हणून. "बरं, पुढच्या खेपेला आण. आदल्या दिवशी घे म्हणजे झालं," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं बाकावरच्या एका बाईनं. तिनं पिशवीकडे बघून कानात सांगितलं, "विसरू नको हो. नळी नाही आणली तर गोळ्या देत नाहीत." त्या बाईला हे कुणी सांगितलं देव जाणे. सिस्टरला विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण धाकटी विचारणाऱ्यांतली नव्हती. तीन वर्षांत तिनं अकरा नंबरमध्ये तोंड उघडलं ते फक्त नाव सांगायला.

महिनाभर पिशवी बटणांच्या डब्याशेजारी पडून राहिली. जायच्या आदल्या दिवशी, कामावरून आल्यावर, धाकटी मोरीत पडदा ओढून उभी राहिली. ब्रश हातात घेतला. हात पुढे जाईना. नवरा गेल्यापासून तिनं त्या अंगाला आंघोळीपुरता हात लावला होता, तोही डोळे मिटून. तिथूनच सगळं आत आलं असं तिला वाटायचं, आणि आत काय माजलं असेल ते नळीत घालून दुसऱ्याच्या हातात द्यायचं? तिनं दोनदा पाय फाकवले, दोनदा मिटले. मग ती ओल्या फरशीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

थोरली बादली भरायला आली होती. तिनं सरळ पडदा बाजूला केला.

"काय गं? आणि हे काय हातात? बाटल्या घासायचा ब्रश?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. पण तीन वर्षं खोटं बोललेल्या माणसाची जीभ आपोआप चालते. "आईच्या दवाखान्यात... बायकांची तपासणी चाललीय. सगळ्यांना दिलंय. परत नेऊन दिलं नाही तर आईचं काम अडवतील. आणि मला जमतच नाही हो ताई."

"डोळ्याचा दवाखाना आणि तपासणी खालची?" थोरली कमरेवर हात ठेवून हसली. "धन्य आहेत तुझे डॉक्टर. आण इकडे."

"काय?"

"आण म्हणते ना. माझी चार बाळंतपणं झाली, अर्ध्या गावानं बघून घेतलंय, मला कसली आलीय लाज? त्यांना नळी भरून पाहिजे ना? भरून देते."

धाकटीनं नाही म्हणायला पाहिजे होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं, पुढे शंभर वेळा कळलं. पण गोळ्या बंद होतील ही धास्ती आणि आपल्याला ते करावं लागणार नाही हा सुटकेचा आनंद, दोन्ही एकदम अंगावर आले. तिनं ब्रश पुढे केला. दोन मिनिटांत थोरली पडद्यामागून बाहेर आली, झाकण घट्ट लावलेली नळी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "घे. तुझ्या आईच्या डोळ्यात घाल म्हणावं." दोघी हसून हसून खाली बसल्या. त्या नळीवर दुसऱ्या दिवशी धाकटीचं नाव आणि अकरा नंबरचा तिचा क्रमांक चिकटवला गेला.

पुढच्या महिन्यात सिस्टरनं तिला बाकावरून उठवून आतल्या खोलीत नेलं. "घाबरू नको," ती म्हणाली. घाबरू नको म्हटलं की माणूस घाबरतंच. "नळीत विषाणू सापडलाय. कॅन्सर नाही. पण आज डॉक्टरबाई आहेत, बघून घेऊ. औषधाचं पाणी लावतात, खराब जागा असेल तर पांढरी दिसते. ती जागा गरम टोकानं तिथल्या तिथे जाळून टाकतात."

धाकटी टेबलावर झोपली तेव्हा तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. छताला एक पंखा होता, त्याच्या एका पात्याला गाठ मारलेली दोरी लोंबत होती. तिनं नजरेनं तेवढीच धरून ठेवली. डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"काहीच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "स्वच्छ आहे. वर्षानं पुन्हा बघू."

स्वच्छ! तीन वर्षांत तिच्या अंगाबद्दल हा शब्द कुणी वापरला नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. फाटकापाशी आल्यावर मात्र ते जड झाले. नळीतला विषाणू तिचा नव्हता. मग तो कुणाचा होता हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. आणि आपण तो आनंद पायऱ्या संपेपर्यंत मजेत चघळला, याची तिला अशी लाज वाटली की ती फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली.

परत फिरून सिस्टरला सांगायला दहा पावलं होती. ती स्टँडकडे चालायला लागली.

घरी थोरलीनं विचारलं, "काय म्हणतोय डोळा?"

"बरा आहे."

त्यानंतरचे नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. ती खुंट कापायची, थोरली जोडायची, आणि धाकटीची नजर थोरलीच्या लुगड्यावर असायची. आता तिला एकेक आठवत होतं. थोरलीनं दोनदा पाळी नसताना मधल्याच दिवसांत तिच्याकडे कापड मागितलं होतं. "उष्णतेनं होतंय," म्हणाली होती. गेल्या महिन्यापासून ती पाट सोडून उठताना आधी हात मागे नेऊन बघायची. शेडमध्ये सगळ्यांची खिल्ली उडवणारी बाई स्वतःचं हे एवढंसं लपवत होती.

धाकटीनं एकदा आडून सांगून बघितलं. "ताई, त्या तपासणीवाल्या बाई म्हणत होत्या, सगळ्याच बायकांनी एकदा दाखवून घ्यावं."

"मला काय धाड भरलीय?" थोरली म्हणाली. "इथे एक दिवस बुडवला तर मुकादम उद्या दुसरी बसवेल. तूच एक पुरे आहेस दांड्या मारायला."

म्हणजे अर्धं सांगून भागणार नव्हतं. पूर्ण सांगायचं तर नळी का दिली होती ते आलं, कुठल्या खोलीत दिली होती ते आलं, कावीळ आली, बटणांचा डबा आला.  तिच्या हातची कलमं मरायला लागली. काप तिरका न पडता वाकडा पडत होता. चौथ्या दिवशी मुकादमानं त्यांचा ट्रे सगळ्यांसमोर उचलून धरला. अर्धी रोपं आडवी झाली होती. "ही बघा जावांची जोडी," तो म्हणाला. थोरलीनं तोंड उघडलं आणि मुकादमाच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण नंतर हळूच विचारलं, "तुझं चित्त कुठं असतं गं हल्ली?"

नवव्या दिवशी थोरली पाटावरून उठली आणि पाटावर रुपयाएवढा लाल डाग राहिला. धाकटीनं कुणी बघायच्या आत त्यावर ओलं फडकं टाकलं. दोघींची नजरानजर झाली. थोरलीनं पहिल्यांदाच मान खाली घातली.

संध्याकाळी घरी येताना कालव्याच्या बांधावर धाकटी थांबली.

"ताई, नळी डोळ्याच्या दवाखान्यातली नव्हती."

आणि मग ती बोलत गेली. मान वर न करता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. नवऱ्याला काय झालं होतं, तिला काय आहे, अकरा नंबर, गोळ्या, ब्रश, विषाणू, आपलं स्वच्छ निघणं. शेवटी म्हणाली, "तो तुमच्यातला आहे. वेळेत दाखवलं तर दहा मिनिटांचं काम आहे म्हणतात. मी नऊ दिवस गप्प बसले."

थोरली पाण्याकडे बघत होती. पहिलं वाक्य तिच्या तोंडून आलं ते असं: "माझी पोरं तुझ्या ताटात जेवतात."

"त्यानं काही होत नाही ताई. सिस्टरनं शपथेवर सांगितलंय. पातंसुद्धा मी वेगळं..."

"निळा दोरा," थोरली म्हणाली. तिला सगळं एकदम कळलं. "मी राणीसरकार म्हणत होते तुला."

ती चालायला लागली. धाकटी मागून गेली. घराच्या दारात थोरली वळून म्हणाली, "आजार लपवलास, एक वेळ समजेन. माझ्याच अंगातली गोष्ट माझ्यापासून नऊ दिवस लपवलीस? मी तुझ्यासाठी लाज सोडली गं."

 धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिनं स्वतःचं ताट स्वतःच बाजूला घेतलं. थोरलीच्या लहान मुलीनं विचारलं, "काकू तिकडे का?" थोरलीनं मुलीच्या ताटात भाकरी वाढली.

सकाळी शेडमध्ये थोरली मुकादमाला म्हणाली, "माझी जोडी बदला." मुकादमानं तिला भोंग्याशेजारी बसवलं. भोंगा म्हणजे नर्सरीतली एक बाई. एका टोकाला तिच्या कानात काही सांगितलं की ती दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत ते सगळ्यांना ऐकू गेलेलं असायचं, म्हणून ते नाव. धाकटीला नवी शिकाऊ मुलगी मिळाली. तीन दिवस दोघी जावा एका रस्त्यानं दहा हात अंतर ठेवून गेल्या आणि आल्या. चौथ्या दिवशी सकाळी थोरली नवं लुगडं नेसून दारात उभी होती.

"चल," ती म्हणाली. "मुकादमाला सांगितलंय, दोघींनाही तुझ्या आईकडे जायचंय."

अकरा नंबरमध्ये धाकटीनं पहिल्यांदा नावाखेरीज दुसरं काही तोंडातून काढलं. सगळं सांगून झाल्यावर चष्मेवाल्या सिस्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोळ्यांचा आणि नळीचा काय संबंध? कुणी सांगितलं तुला? मला विचारायचं नाही? मी काय खाल्लं असतं तुला?" ती रागावली होती, आणि मग तिलाही बहुतेक वाटलं की आपण कधी नीट सांगितलंही नाही, कारण तिनं आवाज खाली आणला. "जाऊ दे. आली आहेस ना घेऊन."

डॉक्टरबाईंना थोरलीच्या आत पांढरी जागा दिसली. छोटी होती. गरम टोक टेकवलं, सगळं मिळून दहा मिनिटं. थोरली बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, पण तोंड शाबूत होतं. "महिनाभर नवऱ्याला लांब ठेवायचं म्हणतात. एवढ्यासाठी एवढं शिकतात होय या?" धाकटीला हसू आलं, पण थोरली तिच्याकडे बघून नव्हती म्हणाली. सिस्टरकडे बघून म्हणाली होती. सिस्टरनं तिला सांगितलं, पुढच्या महिन्यात एकदा दाखवायला या.

मग सिस्टरनं धाकटीच्या हातात नवी पिशवी दिली. "तुझी खरी तपासणी अजून झालेलीच नाही. नुसतं बघून भागत नाही."

संडासाला अजूनही कडी नव्हती. धाकटी आत गेली आणि दार हातानं धरू की ब्रश धरू असं तिला झालं. तेवढ्यात दार बाहेरून घट्ट दाबलं गेलं. थोरली पाठ टेकवून उभी होती. रांगेतली कुणीतरी कुरकुरली, तशी ती खेकसली, "आत माणूस आहे. थांबलात तर मरणार नाही." या वेळी धाकटीनं डोळे मिटले नाहीत. पाच वेळा मोजून ब्रश फिरवला.

ती नळीवर नाव लावून घ्यायला खिडकीशी उभी राहिली, तेवढा वेळ थोरली अकरा नंबरच्या दाराशेजारच्या बाकावर टेकली होती. आणि नेमका तेवढ्याच वेळात भोंगा आपल्या सासऱ्याचा खोकला दाखवायला व्हरांड्यातून गेला. पाहिलं, थबकला, दारावरचा आकडा वाचला आणि पुढे गेला. थोरलीनंही त्याला पाहिलं. घरी येईपर्यंत ती धाकटीला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये माठाशेजारी एक जादा भांडं ठेवलेलं होतं. प्लॅस्टिकचं, पिवळं, बुडाला लाल रंगाची फुली. कुणी ठेवलं ते कुणी सांगितलं नाही. थोरली पाणी प्यायला गेली तशी एकीनं माठावरचं स्टीलचं भांडं उचलून पाठीमागे धरलं. थोरलीनं पिवळं भांडं भरलं, प्याली, उपडं ठेवलं आणि जागेवर येऊन बसली. जागेवर ती एकटीच होती. भोंगा आपला पाट घेऊन दुसऱ्या टोकाला गेला होता.

धाकटी बघत होती. आता ताई बोलतील, तिला वाटलं. आता भोंग्याचा उद्धार होईल. जिनं मुकादमाला सोडलं नाही, ती या बायांना सोडेल?

थोरली बोलली नाही. खुंट स्वतःच कापत होती, स्वतःच जोडत होती. जाड बोटांत पातं नीट बसत नव्हतं. एका वाक्याचं तर काम होतं. 'मला नाही, हिला आहे', एवढं म्हटलं की मोकळी झाली असती. तिच्या तोंडाला कुलूप होतं, आणि ते कुणासाठी होतं हे शेडमध्ये एकाच बाईला माहीत होतं.

त्या बाईनं सकाळ तशीच काढली. खोटं कशाला सांगू? तिनं दुपारही काढली. जेवायच्या सुट्टीत थोरलीच्या भोवती वर्तुळ करून जागा रिकामी राहिली, तेव्हाही ती शिकाऊ मुलीशेजारी बसून भाकरीचा एकच तुकडा चघळत राहिली. शेवटी तिसऱ्या प्रहरी मुकादम आला. थोरलीपासून चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही उद्यापासून नका येऊ. कलमं मरतायत."

"माझी कलमं मरत नाहीत," थोरली एवढंच म्हणाली. आवाज इतका बारीक की तो तिचा वाटेना.

धाकटी उठली.  ती माठापाशी गेली, पिवळं भांडं भरलं आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहून प्याली. थोडं पाणी छातीवर सांडलं.

"हे भांडं ताईंचं नाही," ती म्हणाली. "माझं आहे."

कुणाला कळलं नाही. पात्यांचे आवाज थांबले.

"एचआयव्ही मला आहे. तीन वर्षं झाली. माझ्या आईच्या डोळ्याला काही झालेलं नाही, मी गोळ्या आणायला जाते. ताईंना काही नाही. त्यांना माझ्यामुळे तिथे बसावं लागलं." तिनं ओच्यातून पातं काढून वर धरलं. "निळा दोरा म्हणूनच आहे. आजवर कुणाला माझा ओरखडा लागू दिला नाही. पाण्यानं, भांड्यानं लागत नाही. पण ठेवायचंच असेल वेगळं, तर माझं ठेवा."

तिला वाटलं होतं, जमीन फाटेल. जमीन होती तशीच राहिली. एक बाई पदर सावरत मागे सरकली. शिकाऊ मुलीनं आपला पाट हळूच ओढून घेतला. भोंगा, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प होता. मुकादम एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला, आणि "उद्या बघू" म्हणून पाण्याच्या टाकीकडे निघून गेला.

धाकटीचा चेहरा कानापर्यंत तापला होता. नवरा, दीर, मेलेली सासू, सगळे आपल्याकडे बघतायत असं तिला वाटत होतं. आता कुठे बसायचं हेही तिला कळेना. ती भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

"अगं ए," थोरलीचा आवाज आला. नेहमीचा, शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. "खुंट सुकतायत. पातं दाखवून झालं असेल तर कापायला घे."

थोरलीनं हातातलं पातं डब्यात टाकलं आणि सरकून पाटावर जागा केली. धाकटी येऊन बसली. तिनं खुंट घेतला, तिरका कापला, पुढे केला. थोरलीनं शेंडा बसवून क्लिप लावली. चार-पाच कलमं झाली तरी धाकटीला मान वर करता येईना. डोळ्यांतलं पाणी ट्रेमध्ये पडत होतं.

"तुझ्या आईच्या डोळ्याची पुढची तारीख कधी आहे?" थोरलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"पंधरा," धाकटी कशीबशी म्हणाली.

"मुकादमाला आत्ताच सांगून ठेव. दोघींची सुट्टी म्हणून." तिनं पुढच्या खुंटासाठी हात पुढे केला. "मलाही दाखवायचंय, आणि तुझी नळी काय म्हणते ते मला तुझ्या तोंडून नको, त्या सिस्टरच्या तोंडून ऐकायचंय."